चाक आपोआप फिरलं नव्हतं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज विणली. तीही पुरी झाली नाही. पायथ्याकडचा भाग तसाच उघडा राहिला.

वैशाख होता. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून सकाळीच अंगणात लिंबाखाली चौकट टाकली. बाज विणणं एकट्याचं काम नाही. एकाने दोर ओढायचा आणि दुसऱ्याने तो ढिला पडू नये म्हणून पायाने दाबून धरायचा. ओढायचं काम माझं, धरायचं तिचं. मी सुतार आहे. महाळुंग्यात सुताराचं घर आमचं एकच, त्यामुळे लग्न झाल्यापासून आम्ही किती बाजा विणल्या त्याला गणती नाही.

"आदी सांगा, मग ओढा," ती म्हणाली. "ह्यो दोर पुरंल का न्हाई?"

"पुरंल की. हातभर उरंल."

"मी म्हणते दोन हात कमी पडंल."

"सुतार तू का मी?"

"तुमीच वो. म्हणून तर इचारलं. बघू आता कुणाचं खरं हुतंय."

आधी सांगायचं, मग करायचं, ही तिची खोड. भाकरी तव्यावर टाकताना सुद्धा फुगेल की नाही ते आधी सांगायची आणि फुगली नाही तर पिठाला नाही, स्वतःला नावं ठेवायची.

शेजारच्या मळ्यात मोट सुरू झाली. मोटेचं पाणी पाटात आलं की तिथला पत्र्याचा डबा वाजायला लागायचा, ठण ठण ठण. लोंढा सरला की गप्प. पुढची मोट वर आली की पुन्हा ठण ठण. पाटात एक लहानसं लाकडी चाक बसवलेलं होतं. ते फिरलं की डब्यावर टोला बसायचा. सगळं गाव त्याला पोरांचं चाक म्हणायचं.

ती थोडा वेळ ऐकत राहिली. पाय दोरावर तसाच दाबून धरलेला. मग म्हणाली, "अवं, तुमी लाकडातलं जाणतं माणूस. एवढं सांगा मला. ते चाक आपोआप कसं वो फिराया लागलं? लाकूड वाळलं म्हणून?"

मी दोर ओढत होतो. मान वर केली नाही.

"वाळलं असंल," म्हणालो.

ते चाक आपोआप फिरलं नव्हतं. मी फिरवलं होतं. हे तिला सांगायला मला तीन महिने मिळाले होते आणि त्या सकाळी तर तिने स्वतःच्या तोंडाने विचारलं. तरी मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते लिहायला बसलो आहे.

मी जेमतेम चौथी शिकलो. तिला तर अक्षराची ओळख नव्हती. हा मजकूर लिहून झाल्यावर आमच्या मास्तरांनी ऱ्हस्वदीर्घ तेवढं नीट करून दिलं. बाकी काही मी त्यांना नीट करू दिलेलं नाही. दुसऱ्याचं नीट करायला गेलं की काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या गावची शाळा मारुतीच्या देवळामागच्या धर्मशाळेत भरायची. मास्तर एक आणि इयत्ता चार. मोठ्या पोरांना हिशेब घालून देईपर्यंत पहिली-दुसरीची बारकी पोरं मोकाट सुटायची. आमचं अंगण शाळेला लागूनच. मी लाकूड तासायला बसलो की ही टोळी ढलप्या वेचायला हजर. मी हाकलायचो. तिने कधी हाकललं नाही.

एक दिवस तिने घंगाळ भरून पोरांच्या मधे ठेवलं आणि एक ढलपी हातात धरली.

"ही बुडंल का तरंगंल? आदी सांगा. बघून काय, कुणी बी सांगतंय."

"तरंगंल!"

"आन् ह्यो खिळा?"

"बुडंल!"

"आन् खिळा ढलपीत ठोकला तर?"

मग एक जण म्हणालं, "ढलपी रडंल."

ती इतकी हसली की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. मग त्यालाच खिळा ठोकायला लावला. ढलपी तरंगली. दोन ठोकले, तीन ठोकले. प्रत्येक वेळी आधी सांगायचं, मग पाण्यात सोडायची. सातव्या खिळ्याला ढलपी तळाला गेली आणि पोरं अशी नाचायला लागली, जणू गावाची बैलजोडी शर्यत जिंकून आली.

"माझं खिळं हायती ती!" मी इकडून ओरडलो.

"देते की पुसून. तुमच्यावानी नाजूक न्हाईत ती, पाण्यानं पडसं व्हायला."

कालवा ऐकून मास्तर तक्रार करायला आले आणि उभ्याने बघत राहिले. मुलांना हातांनी काम करू देऊन शिकवा, असा सरकारचा कागद त्यांच्याकडे आलेला होता. त्यासाठी सूत कातायच्या टकळ्याही आणल्या होत्या, पण एवढ्याशा बोटांत सूत टिकेना, नुसता गुंता व्हायचा. मास्तर तिला म्हणाले, "काकू, दुपारचे दोन तास ही बारकी मंडळी तुमच्याकडं ठेवा. मलाही त्या कागदाला काहीतरी उत्तर देता येईल."

असं ते सुरू झालं. डझनभर पोरं, आमचं अंगण आणि माझा कचरा. ज्वारीच्या ताटाची दांडी आणि करवंट्यांची दोन पारडी करून त्यांनी तराजू बांधला. एकदा तिने विचारलं, विहीर किती खोल आहे ते आत न उतरता सांगा. तीन दिवस लागले. कुणी दोराला दगड बांधून सोडला, कुणी खडा टाकून आवाज येईपर्यंत आकडे म्हटले आणि एकाने सरळ घरी जाऊन बापाला विचारलं. मी म्हटलं ही लबाडी झाली. ती म्हणाली, "त्ये बी डोकंच की."

उत्तर ती कधी सांगायची नाही. पुष्कळदा तिला ते यायचंच नाही. "मला बी न्हाई ठाव, बघू आपण," असं ती पोरांना बिनदिक्कत म्हणायची आणि इकडे मला लाज वाटायची. माझ्या बापाने मला रंधा धरायला शिकवलं ते पाठीत धपाटे घालून. मोठ्या माणसाने पोरापुढं 'मला ठाऊक नाही' म्हणावं, हे मला पटायचं नाही.

त्या पोरांत शेजारच्या मळेकऱ्याची पोर होती. सात वर्षांची, दुसरीतली, पुढचे दोन दात पडलेली. तिच्या घरी कांदा होता. कांद्याचे वाफे भिजवताना भरलेल्या वाफ्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं, त्याला आम्ही दारं धरणं म्हणतो. शाळा सुटली की हे काम ह्या पोरीचं. ती मळ्याच्या शेवटाला एकटी आणि बाप इकडे मोटेवर. पाणी चालू आहे की बाप बैलांना विसावा देतोय, ते तिला तिथून कळायचं नाही. वाफा फुटायचा आणि बाप बैलांच्या धावेवरून ओरडायचा, "ए ठोंबे, ध्यान कुठं हाय तुजं?"

ती एक दिवस येऊन म्हणाली, "आजी, पाणी चाललंय का थांबलंय त्ये मला लांबूनच कळाया पायजे."

"मग काय करशील?"

"तुमी सांगा की."

"मला आलं असतं तर मी इथं चुलीपुढं कशाला बसले असते? तूच सांग."

सगळी टोळी विचाराला लागली. एक पोरगं म्हणालं, पाटात कुत्रं बांधू, पाय भिजलं की भुंकंल. त्याच्यावर दोन दिवस गेले, कारण कुत्रं भिजलं की भुंकतं का पळतं ते आधी बघावं लागलं. ते पळालं. शेवटी ह्या पोरीनेच पाण्यावर फिरणारं चाक आणि त्याने वाजणारा डबा काढला. मोडक्या लाटण्याच्या तुकड्याचा मधला तुंबा केला, मोडलेल्या टकळीच्या तारेचा आस केला. आरपार भोक पाडायला आमच्या हिने सळई चुलीत लाल करून दिली, तेवढीच तिची मदत. तुंब्याला खाचा पाडून पोरांनी ढलप्यांची आठ पाती बसवली.

हे सगळं झालं तेव्हा मी गावात नव्हतो. त्या वेळी पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता आणि सुतारांना बोलावणं होतं. दीड महिना मी तिकडे फळ्या ठोकत होतो. कासारवाडीला एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. तिथला मुकादम काटकोन तपासायचा गुण्या घेऊन मागे उभा. एक सूत फरक दिसला की लाथ मारून फळी पाडायचा. दीड महिन्यात माझी नजर अशी झाली की वाकडं काही सहन होईना. जेवताना ताटली सुद्धा नीट सरकवून ठेवायचो.

माघात परत आलो. चाकणपर्यंत यष्टी, पुढे पायी. घरी पाणी प्यायच्या आत तिने मला पाटावर नेलं. पाणी आलं. चाकाने अर्धा फेरा घेतला आणि थांबलं. पुन्हा पाणी, पुन्हा अर्धा फेरा. डबा एकदाच वाजायचा, ठण, आणि गप्प.

"दहा दिस झालं, असंच करतंय," ती म्हणाली, पण खुशीत. "पोरं रोज नवं कारण काढत्यात."

मला एका नजरेत कळलं. एका अंगाला चार पाती बाभळीची, लोखंडासारखी जड. दुसऱ्या अंगाला चार पांगाऱ्याची, भेंडासारखी हलकी. जड अंग खाली गेलं की तिथेच बसत होतं.

"घटकंचं काम हाय," मी म्हणालो.

"हात लावायचा न्हाई."

"अगं पण..."

"तुमाला घटका लागंल, त्यांना म्हैना लागू द्या."

"का फिरत न्हाई ते तुला तरी ठाव हाय का?"

"न्हाई."

"सांगू?"

"सांगून तर बघा. कानात बोळं घालीन."

दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी मळेकरी मोटेवरून मला बघून हसला. "सुतारदादा, पिंपरीचं कारखानं बांधताय, आन् घरचं चाक लंगडं निघालं की हो!"

त्याने ते गमतीने म्हटलं होतं. मला झोंबलं. सुताराच्या घरचं चाक लंगडं. उद्या चाकणच्या बाजारात हेच ऐकू येईल, असं वाटलं.

त्या संध्याकाळी ती पाण्याला गेली तेव्हा मी पांगाऱ्याची चार पाती कोरली. नीट कोरली नाहीत. पोरांनी केल्यासारखी कडा मुद्दाम फाडली, एकाला पोरांच्या विळीच्या खुणेसारखा बोटभर तिरपा काप दिला. चांगलं काम कुणीही सुतार करेल. चांगलं असून वाईट दिसणारं काम करायला कसब लागतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही. बाभळीच्या सालीच्या पाण्यात पाती बुडवून ठेवली, म्हणजे रंग जुन्यासारखा तांबूस येतो. सकाळी मोट जुंपायच्या आत पाटावर गेलो, बाभळीची चार काढली आणि ही चार बसवली. लोट्याने पाणी ओतून बघितलं. चाक गरगर फिरलं.

परत आलो तर अंगणात तराजूपाशी ढलप्यांचे दोन छोटे ढीग लावलेले दिसले. एक तांबूस, एक पांढरा. मला वाटलं पोरांचा पसारा. दोन्ही ढीग गोळा केले आणि आंघोळीच्या पाण्याखाली जाळात घातले. चाकातून काढलेली बाभळीची पाती मात्र जाळली नाहीत. घडवलेलं लाकूड, मग ते कुणाच्याही हातचं असो, सुतार चुलीत घालत नाही. माझ्या बापाने घालून दिलेला नियम. ती चार पाती मी हत्यारांच्या पेटीत तळाला टाकली.

तासाभराने ती धावत आली. इतक्या वर्षांत मी तिला धावताना बघितलं नव्हतं.

"अवं, फिरलं! माझ्या पोरांनी फिरवलं!"

मी मिशीत हसलो. वाटलं, काय पुण्याचं काम केलं. कुणाला कळू न देता.

अंगणात पोरं नाचत होती. मळेकऱ्याची पोर तेवढी नाचत नव्हती. ती तराजूपाशी वाकून जमिनीवर काहीतरी शोधत होती.

"आजी, माझं दोन ढीग कुटं गेलं?"

"कसलं गं ढीग?"

"जड आन् हलकं. मी काल तोलून लावलं हुतं."

"आता काय करायचंत? फिरलं की चाक."

"पर मी तर अजून काय केलंच न्हाई," ती म्हणाली.

मी दहा हातांवर बसून रंधा मारत होतो. मला नीट ऐकू आलं. एक दिवस. तिला फक्त आणखी एक दिवस हवा होता. त्या वेळी उठून बोललो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. बायकोने मला चार शिव्या दिल्या असत्या, पोरं हसली असती. मी रंधा मारत राहिलो.

फाल्गुनात शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. मास्तरांनी मोठ्या हौसेने त्यांना पाटावर नेलं. मागून सगळी शाळा, त्यांच्यामागे पदर सावरत आमची ही आणि सर्वांत शेवटी मी. मोट चालू होती, चाक फिरत होतं, डबा वाजत होता. साहेब माणूस वाईट नव्हता. धोतराचा सोगा हातात धरून तो पाटाशी उकिडवा बसला.

"हे कुणी केलं?"

"आमी!"

"शाबास. पहिल्या दिवसापासून असंच फिरतं का?"

"न्हाई. आदी थांबायचं."

"मग तुम्ही काय केलंत?"

सगळी पोरं मळेकऱ्याच्या पोरीकडे बघायला लागली. ती पुढे झाली.

"मला वाटलं हुतं, एका अंगाला बाभळीची पाती हायती, ती जड, म्हणून ते अंग खाली जाऊन बसतंय. मी ढलप्या तोलून बी बघितल्या. पर त्ये कारण न्हाई."

"का नाही?"

"पाती न बदलताच सकाळी फिराया लागलं. म्हंजी जड-हलक्याचं काय न्हाई त्यात."

"मग कारण काय?"

"ठाव न्हाई. आपोआप फिरलं."

मोठी पोरं फिदीफिदी हसली. साहेब उठले. "आपोआप काही होत नसतं, बाळ," ते म्हणाले. आणि मास्तरांकडे वळून, आमच्या हिला ऐकू जाईल असं, "मुलांना खेळवलंय छान, पण शिकवलेलं नाही. हा वेळ वाचनाला आणि पाढ्यांना द्या."

पोरगी खरं बोलली होती. साहेबही खरं बोलले होते. खोटं तेवढं पाटात फिरत होतं, आणि ते माझ्या हातचं. मी तोंड उघडलं सुद्धा होतं. तेवढ्यात साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि मी नमस्कार केला. नमस्कार करून गप्प उभा राहिलो. बायकोचा सगळ्यांपुढं पाणउतारा होईल म्हणून बोललो नाही, अशी मी पुढे मनाची समजूत घातली. पाणउतारा तर तिचा होऊन गेला होता. मी माझा वाचवला.

त्या दिवसापासून मोठी पोरं त्या पोरीला 'आपोआप' म्हणून चिडवायला लागली. "ए आपोआप, पाटी पुस." आणि आमच्या हिने दुपारची पोरं बंद केली. मास्तरांनी बंद करा म्हटलं नव्हतं, तिनेच सांगून टाकलं. पोरं आली की ती त्यांना मूठ मूठ ढलप्या द्यायची आणि परत पाठवायची.

"मी अडाणी," ती मला म्हणाली. "पोरांची डोकी चालत्यात असं मला वाटत हुतं. आन् चाक आपलं वाऱ्यावारी फिरलं. ना त्यांना कळलं, ना मला. उगा लेकरांचं नुकसान केलं."

त्या वेळीही मी बोललो नाही. एक दिवस गप्प बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी बोलायला गेला तर त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: काय केलं ती, आणि काल का बोलला नाही ती. महिन्याभराने तर ते ओझं उचलत नाही. डबा मात्र रोज वाजायचा. सकाळी मोट सुरू झाली की मी रंधा जोरात मारायला लागायचो, आवाज झाकून जावा म्हणून.

चैत्रात मळेकरी नांगर दुरुस्तीला घेऊन आला आणि सहज बोलून गेला, की पोरीला पुढच्या साली शाळेत घालत नाही. "साहेबानं बी बघितलं की, डोकं न्हाई तिला. दारं धरील." आमची ही तेव्हा दाणे निवडत होती. तिचे हात थांबले. रात्री ती जेवली नाही.

हे सगळं मनात घेऊन ती त्या वैशाखातल्या सकाळी दोरावर पाय देऊन उभी होती. आणि मी म्हणालो, वाळलं असंल.

दोर दोन हात कमी पडला. तिचं खरं झालं.

"बघा, म्हणलं हुतं का न्हाई?" ती हसली. "थांबा, आतनं दुसरा आणते." उंबऱ्यापर्यंत गेली आणि दाराची चौकट धरून खाली बसली. मी म्हटलं, ऊन लागलं. पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही. माझं मनगट धरलं, घट्ट, दोर ओढताना मी धरतो तसं. बाहेर डबा वाजत होता. तो एकदा थांबला, पुन्हा वाजायला लागला, तोवर ती गेली होती.

लेक खेडच्या अलीकडे दिलेली आहे, तिला निरोप गेला. दिवस मावळायच्या आत आम्ही हिला नदीवर नेलं. खांदा द्यायला मळेकरी होता, मास्तरही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारांची पेटी उघडली. तळातली चार पाती काढली, धोतराच्या सोग्यात बांधली.

"बाबा, सुतकात कुठं निघालासा?" लेक म्हणाली.

"पाटावर."

सुतकात कुणाच्या दारात जायचं नसतं. पाट म्हणजे कुणाचं दार नव्हे.

मळेकरी बैल जुंपत होता. मला बघून त्याने जू खाली ठेवलं. "दादा, आज कशाला आलासा? बसा, बसा."

"पोरीला बोलाव," मी म्हटलं.

ती शेवटच्या वाफ्यावरून आली, पाय चिखलाने भरलेले. मी दोघांपुढं सोगा सोडला आणि पाती जमिनीवर ठेवली. मला गोड बोलता येत नाही. एका दमात सगळं सांगितलं: पांगारा, सालीचं पाणी, पहाट, लोटा. मळेकरी त्या पात्यांपुढं खाली वाकला.

"मी हसलो म्हणून?"

"व्हय."

"एवढ्यासाठनं?"

"एवढ्यासाठनं."

"आन् मी हिला ठोंबी म्हणत बसलो," तो म्हणाला आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून तोंड फिरवून उभा राहिला.

पोरीने एक पातं उचललं. ओळखलं. त्याच्यावर तिच्या विळीची खूण होती.

"माझं ढीग बी तुमीच उचललं?"

"व्हय."

"म्हंजी माझं खरं हुतं."

"खरं हुतं. जड अंगच खाली बसत हुतं."

"आजीला सांगितलं?"

"न्हाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. सात वर्षांच्या पोरीच्या नजरेपुढं मी कधी मान खाली घातली नव्हती. तेव्हा घातली.

"सुट्टी सरली की हिला शाळंत धाड," मी मळेकऱ्याला म्हटलं.

"मास्तराला तुमी सांगणार असाल तर."

"सांगतो. सगळ्या शाळंपुढं सांगतो."

मी पटाशी काढली आणि माझी पाती उपटायला पाटात वाकलो. पोरीने माझा हात बाजूला केला.

"तुमी नका घालू. द्या इकडं."

तिने चाक बाहेर काढून मांडीवर घेतलं. सगळी पाती उपटून पुढ्यात टाकली, माझी चार बाजूला सारली. मग हातात एकेक घेऊन तोलायला लागली, डोळे मिटून. तिने बाभळीची चार पहिल्यासारखी एका अंगाला लावली नाहीत. माझ्यासारखी काढूनही टाकली नाहीत.

"आदी सांगते," ती म्हणाली. "एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. मग फिरंल."

हे मला सुचलं नव्हतं.

तिने पाती ठोकायला घेतली, दगडाने. दुसरं पातं तिरपं बसलं. तिसऱ्याची खाच मोठी झाली, त्यात तिने चिंधी कोंबली. पाचवं उलटं लागत होतं. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. पटाशी मी मळेकऱ्याकडे देऊन टाकली आणि पाटाच्या कडेला बसलो. दोन्ही हात मांडीखाली घातले.

"बापू, हाक आता," पोरगी ओरडली आणि चाक पाटात ठेवलं.

त्याने बैल जुंपले आणि धावेवरून हाकले. मोट विहिरीत उतरल्याचा आवाज आला. पाणी यायला अवकाश होता. चाक डोळ्यांना वाकडं दिसत होतं, खूप वाकडं. मी हात तसेच दाबून धरले.